सांबा सर्व्हर, रोमिंग प्रोफाइल आणि गायब झालेला प्रोजेक्ट (मदत हवी)

अनुया_लॅब
सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. या विभागात पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. दोन लॅब मिळून ३६ मशीन, शिवाय ऑफिसची ५. बहुतेकांवर विंडोज १०, चारांवर ११. आधीच्या सरांनी डेबियन लिनक्सवर सांबा (विंडोज मशीनना लॉगिन आणि फायली पुरवणारं फुकटचं सॉफ्टवेअर) टाकून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं डोमेन (सगळ्या मशीनसाठी खाती एकाच जागी) उभं केलं. दोन वर्षं सुरळीत चाललं आणि मग सर दुसरीकडे गेले. जाताना माझ्या हातात वहीचं एक पान दिलं : आयपी पत्ता, पासवर्ड आणि खाली "ऑल द बेस्ट".

प्राचार्यांना हवंय ते असं : मुलगा कुठल्याही मशीनवर बसो, त्याचा डेस्कटॉप तिथे आला पाहिजे, म्हणजे रोमिंग प्रोफाइल. वाचून वाचून मी प्रत्येकाच्या खात्यात प्रोफाइल टॅबमध्ये जाऊन \\सर्व्हर\प्रोफाइल्स\%युजरनेम% असा पाथ भरला. आधी माझ्याच खात्यावर बघितलं, तर सर्व्हरवर 'अनुया.व्ही६' नावाचं फोल्डर आपोआप तयार झालं. म्हटलं, १२० मुलांची वाट कोण बघणार, छोटी स्क्रिप्ट लिहून रूटने (लिनक्सच्या अ‍ॅडमिन खात्याने) सगळ्यांची .व्ही६ फोल्डरं आधीच बनवून ठेवली. परवानगीचा घोळ नको म्हणून सगळ्यांना ७७७, म्हणजे कोणीही वाचा, कोणीही लिहा.

आता तीन तक्रारी आहेत.
१. मुलांचा डेस्कटॉप दुसऱ्या मशीनवर येतच नाही. एका मुलीचा प्रोजेक्ट सकाळी होता, दुपारी त्याच मशीनवरसुद्धा नाही. ती रडली, मीही रडायच्या बेतात होते.
२. पहिल्या वीस खात्यांची फोल्डरं स्क्रिप्टच्या आधीची आहेत, त्यांचं चालतं. पण काहींना लॉगिनला सात-आठ मिनिटं लागतात.
३. ऑफिसमधल्या मॅडमचा मराठी फॉन्ट त्यांच्या मशीनवर दिसतो, लॅबमध्ये येऊन बसल्या की चौकोन.

कुठे चुकतंय?

---

वाचनमात्र
सोमवार, रात्री ९:३०

वाचतोय. आमच्याकडेही हेच होणार आहे.

---

खटपट्या
सोमवार, रात्री १०:०५

अनुया ताई, पहिल्या तक्रारीचं मूळ तुमच्या स्क्रिप्टमध्येच आहे.

७७७ देऊन तुम्ही दार सताड उघडं ठेवलंत. पण रोमिंग प्रोफाइलच्या बाबतीत विंडोज दार बघत नाही, सातबारा बघतं. फोल्डरचा मालक म्हणून एकतर तो वापरकर्ता स्वतः हवा, नाहीतर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स हा गट. तुमच्या फोल्डरांच्या सातबाऱ्यावर रूटचं नाव. विंडोजला वाटतं, दुसऱ्या कोणीतरी हे फोल्डर मांडून ठेवलंय, यातली रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचं बाड) मी उचलली तर भलत्याच्या सेटिंग मी चालवीन. त्यामुळे ते सर्व्हरवरची प्रत नाकारतं, स्थानिक प्रोफाइलवर लॉगिन करून देतं आणि लॉगआउटला वर काहीही पाठवत नाही. इव्हेंट व्ह्यूअर, अ‍ॅप्लिकेशन लॉग, 'युजर प्रोफाइल सर्व्हिस' या स्रोताच्या नोंदी उघडा. सुरक्षा बरोबर नाही, मालक अमुक असला पाहिजे, असं स्वच्छ लिहिलेलं सापडेल.

ही मालकी तपासणी बंद करण्याची पॉलिसी (मशीनना लावायचा नियम) आहे. कोणीतरी इथे येऊन ती सुचवेलच. ऐकू नका. १२० मुलांच्या लॅबमध्ये तर मुळीच नको.

उपाय : ती रिकामी फोल्डरं उडवा. आधी बनवायचीच नसतात. विंडोज त्या त्या वापरकर्त्याच्या नावाने स्वतः बनवतं, म्हणजे मालकी आपोआप बरोबर. तुमचं काम फक्त मूळ फोल्डरवर, आणि तेही विंडोज मशीनवरून डोमेन अ‍ॅडमिन म्हणून, सिक्युरिटी टॅबमध्ये :

डोमेन अ‍ॅडमिन्स आणि सिस्टिम यांना फुल कंट्रोल. क्रिएटर ओनरला फुल कंट्रोल, पण फक्त आतल्या फोल्डर-फायलींवर. डोमेन युजर्सना 'फक्त हे फोल्डर' निवडून यादी बघणं आणि नवं फोल्डर बनवणं, बस. म्हणजे मुलगा आपली खोली बांधू शकतो, शेजारच्याच्या खोलीत डोकावू शकत नाही.

सांबाच्या कॉन्फिगमध्ये त्या शेअरला (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरला) 'रीड ओन्ली' नो आणि 'सीएससी पॉलिसी' डिसेबल. दुसरं विसरू नका. ते नसेल तर विंडोजची ऑफलाइन फाइल्सची सोय या शेअरची वेगळी प्रत ठेवू शकते आणि मग दोन प्रती आपसात भांडतात. बदल केल्यावर 'टेस्टपार्म' चालवा, टायपिंगची चूक तिथेच कळते.

एक मात्र पटत नाहीये. स्थानिक प्रोफाइलवर लॉगिन झालं असेल तर त्या मुलीचा प्रोजेक्ट त्याच मशीनवर सी:\युजर्समध्ये असायला हवा. तो कुठे गेला?

---

अनुया_लॅब
सोमवार, रात्री १०:२१

सातबारा! आता जन्मात विसरणार नाही.

सी:\युजर्समध्ये तिच्या नावाचं फोल्डरच नाही. मधल्या सुट्टीत लाईट गेली होती, त्यानंतर मशीन चालू केलं तेव्हा काहीच नव्हतं.

---

जुनंखोड
सोमवार, रात्री १०:४८

ताई, लॅबच्या मशीनवर ते गोठवणारं सॉफ्टवेअर आहे का? रीस्टार्ट केलं की मशीन पुन्हा कोरं करकरीत होतं ते?

---

अनुया_लॅब
सोमवार, रात्री १०:५२

आहे. पोरं वाट्टेल ते टाकतात म्हणून सगळ्या ३६ मशीनवर. अरे देवा.

---

जुनंखोड
सोमवार, रात्री ११:१५

झालं तर मग. सर्व्हरने घेतलं नाही, मशीनने ठेवलं नाही. प्रोजेक्ट परत मिळणार नाही, मुलीला लवकर सांगून टाका.

दुसऱ्या तक्रारीचं अर्धं उत्तरही यातच आहे. रोमिंग प्रोफाइल म्हणजे लोकांना वाटतं की आपलं सामान सर्व्हरवर असतं आणि आपण तिथे बसून काम करतो. तसं नसतं. लॉगिन करताना सर्व्हरवरचं सगळं मशीनवर उतरतं, तुम्ही स्थानिक प्रतीवर काम करता आणि लॉगआउटला बदललेलं परत वर चढतं. नेहमीच्या मशीनवर जुनी प्रत असते, म्हणून फक्त फरक उतरतो. तुमचं मशीन रोज कोरं. म्हणजे प्रत्येक मुलाचं प्रत्येक लॉगिन हे पहिलं लॉगिन. रोज बिऱ्हाड हलवायचं, तेही ट्रंका-गाद्यांसकट.

हिशोब करा. नेटवर्कचा स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी, तेही कागदावर. ४ जीबीचं प्रोफाइल उतरायला साधारण साडेपाच मिनिटं. त्यात बारीक बारीक हजारो फायली असल्या तर आणखी, कारण प्रत्येक फायलीमागे उघड-बंद करण्याची ये-जा असते. सर्व्हरवर 'डीयू' चालवून पहिल्या वीस फोल्डरांचं वजन इथे टाका बरं.

अवांतर : गोठवलेलं मशीन आणि डोमेन यांचं आणखी एक वैर आहे. डोमेनमधलं मशीन दर ३० दिवसांनी स्वतःचा पासवर्ड बदलतं. तुमचं मशीन रीस्टार्टनंतर जुन्याच पासवर्डावर परत जातं आणि एक दिवस 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा संदेश येतो. मशीनच्या खात्याचा पासवर्ड बदलणं बंद करण्याची पॉलिसी आहे, ती गोठवण्याआधी लावा.

---

समुद्रपार
मंगळवार, पहाटे ३:४०

२०२० नंतरही कोणी रोमिंग प्रोफाइल लावतं हे वाचून मौज वाटली. आमच्याकडे इकडे सगळं वनड्राइव्हवर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स थेट ढगात. व्हर्च्युअल डेस्कटॉप असतील तर एफएसलॉजिक्स, सगळं प्रोफाइल एका डिस्क फायलीत, ती फाइल लॉगिनला नुसती जोडायची, कॉपी नाहीच. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २०१८ मध्ये घेतली ती उगाच नाही. सांबा वगैरे सोडा.

---

सदाशिवी
मंगळवार, सकाळी ७:५५

समुद्रपार, तुमच्या सल्ल्यात चूक नाही, पत्ता चुकलाय. ३६ मशीन रोज सकाळी कोरी उठणार आणि एका ब्रॉडबँड लाइनवरून आपापला डेस्कटॉप ढगातून मागवणार. तोवर तास संपेल. लॅन घरची आहे, सर्व्हर घरचा आहे, सांबा फुकट आहे.

---

समुद्रपार
मंगळवार, सकाळी ८:१०

मान्य. लाइनचा मुद्दा लक्षात घेतला नव्हता.

---

अनुया_लॅब
मंगळवार, दुपारी १२:३५

वजनं बघितली. वीसपैकी तेरा २०० एमबीच्या आत. पाच जणांची १ ते २ जीबी. दोन पहिलवान : ४.६ आणि ५.१ जीबी. पहिल्याच्या डेस्कटॉपवर गॅदरिंगचे व्हिडिओ. दुसऱ्याच्या डाउनलोड्समध्ये एकाच सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर सात वेळा, (१) पासून (६) पर्यंत.

बाकीच्यांमध्ये अ‍ॅपडेटा\रोमिंगमध्येच बरंच काही आहे. लॉकडाउनमधल्या ऑनलाइन तासांचं टीम्स, त्याचंच एकट्याचं ७०० एमबी एकाकडे.

स्विच १००चाच आहे. सर्व्हरकडे जाणारी तार गिगाबिट.

---

खटपट्या
मंगळवार, दुपारी १:२०

छान, आता नीट दिसतंय. प्रोफाइल बारीक करा. प्रवासाला फक्त सेटिंग जाऊ द्या, फायलींनी प्रवास करायचा नाही.

ग्रुप पॉलिसीत 'फोल्डर रीडायरेक्शन' आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज ही फोल्डरं दुसऱ्या शेअरवर वळवा, समजा \\सर्व्हर\घर. मग ती कॉपी होत नाहीत, उघडाल ती फाइल सर्व्हरवरचीच. गॅदरिंगचा व्हिडिओ कोणी उघडला तरच तारेतून येईल, लॉगिनला नाही. या शेअरच्या परवानग्याही वरच्यासारख्याच. सांबाला यात वेगळं काही करावं लागत नाही, पॉलिसीच्या फायली तो सिसव्हॉलमधून देतो, राबतं ते विंडोजच. लावल्यावर एकदा लॉगिन करून काही झालं नाही म्हणून घाबरू नका, कधी कधी दुसऱ्या लॉगिनला लागू होतं.

उरलं अ‍ॅपडेटा\रोमिंग. त्याला रीडायरेक्ट करू नका, अ‍ॅप्स अडखळतात. त्याऐवजी युजर कॉन्फिगरेशनमध्ये सिस्टिम, युजर प्रोफाइल्स, तिथे 'एक्सक्लूड डिरेक्टरीज' आहे. त्यात अ‍ॅपडेटा\रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\टीम्स वगैरे अर्धविरामाने तोडून लिहा. अ‍ॅपडेटाचं लोकल आणि लोकल-लो तसंही फिरत नाही. क्रोमचा सगळा पसारा लोकलमध्ये असतो, म्हणून तुमच्या यादीत तो दिसत नाही. फायरफॉक्सचं प्रोफाइल मात्र रोमिंगमध्ये असतं, ते फिरतं.

लाईट जाण्यावरही हाच इलाज. प्रोफाइल वर चढतं लॉगआउटला. लाईट गेली तर लॉगआउट कुठला? वळवलेल्या डेस्कटॉपवर मात्र सेव्ह दाबलं त्या क्षणी फाइल सर्व्हरवर असते. फक्त सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर पाहिजेत. स्विच लोक हमखास विसरतात.

---

कोकणकडा
मंगळवार, दुपारी २:०२

+१ स्विचला. आमच्याकडे सर्व्हर यूपीएसवर होता, स्विच भिंतीतल्या पिनवर. लाईट गेली की सर्व्हर एकटाच जागा.

ताई, तुमच्याकडे 'बॅच१', 'बॅच२' अशी सामाईक खाती आहेत का? म्हणजे वीस पोरं एकाच नावाने आत?

---

अनुया_लॅब
मंगळवार, दुपारी २:१५

आहेत. अकरावी-बारावीला तशीच आहेत. का हो?

---

कोकणकडा
मंगळवार, दुपारी २:४०

त्यांना रोमिंग देऊ नका. वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीतल्या बहुतेक सगळ्या सेटिंग एनटीयूजर.डॅट या एकाच फायलीत असतात. वीस मशीनवर तिच्या वीस प्रती उघडल्या, तर शेवटी जो लॉगआउट होईल त्याचीच फाइल सर्व्हरवर राहते, बाकी एकोणीस जणांचं पाण्यात. शिवाय कोणीतरी वॉलपेपर बदलतो आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला तोच हिरो बघावा लागतो.

सामाईक खात्याला मँडेटरी प्रोफाइल द्या. एक प्रोफाइल नीट सजवा, एनटीयूजर.डॅटचं नाव बदलून एनटीयूजर.मॅन करा, परवानग्या वाचण्यापुरत्या. मग पोरांनी काहीही केलं तरी लॉगआउटला वर काही जात नाही.

---

सदाशिवी
मंगळवार, दुपारी ४:१०

तो .व्ही६ काय प्रकार आहे हे कोणी सांगितलंच नाही. पाथमध्ये लिहायचा की नाही?

---

जुनंखोड
मंगळवार, रात्री ८:३०

लिहायचा नाही, विंडोज स्वतः चिकटवतं. एक्सपीच्या काळात शेपूट नव्हतं. व्हिस्टाने फोल्डरांची मांडणीच बदलली, जुन्या-नव्याची सरमिसळ होऊ नये म्हणून .व्ही२ आलं, विंडोज ७नेही तेच ठेवलं. ८ला व्ही३, ८.१ला व्ही४, १०च्या पहिल्या आवृत्त्यांना व्ही५, आणि १०च्या १६०७ आवृत्तीपासून व्ही६. ११ही व्ही६च वापरतं, म्हणून अनुया ताईंची १० आणि ११ची मशीन एकाच फोल्डरवर भागतात. स्टार्ट मेन्यूची मांडणी दोन्हीकडे सारखी येईल अशी मात्र आशा ठेवू नका.

अवांतर, म्हातारपणाचा हक्क म्हणून. मी हे पहिल्यांदा सांबा ३ वर केलं. तेव्हा एनटी४ पद्धतीचं डोमेन असायचं. कॉन्फिगमध्ये 'डोमेन लॉगॉन्स' येस, एक नेटलॉगॉन शेअर, आणि 'लॉगॉन पाथ' मध्ये प्रोफाइलचा पत्ता. सगळ्यांना एकदम लागू. रोमिंग नको असेल तर 'लॉगॉन पाथ' समोर काही न लिहिता तशीच ओळ ठेवायची. ती ओळच काढून टाकली तर रोमिंग बंद होत नसे, मूळ किंमत लागू होऊन प्रोफाइल होम फोल्डरात जाऊन बसे. या एका गोष्टीवर मी एक पूर्ण रविवार घालवलाय. विंडोज ९८ असेल तर तो 'लॉगॉन पाथ' बघतच नसे, 'लॉगॉन होम' बघे. २०१२च्या डिसेंबरात सांबा ४ आला आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी जमू लागली, तेव्हापासून पाथ प्रत्येक खात्यात लिहायचा. म्हणून ताई, इंटरनेटवर 'लॉगॉन पाथ' सांगणारे जुने लेख सापडतील, ते तुमच्या सर्व्हरला लागू नाहीत.

---

वाचनमात्र
मंगळवार, रात्री ८:४४

काका, सांबा हे नाव नाचावरून का?

---

जुनंखोड
मंगळवार, रात्री ९:०५

नाही. अँड्र्यू ट्रिजेल कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत होता तेव्हा त्याने हे लिहायला घेतलं. आधीचं नाव दुसऱ्याच्या ट्रेडमार्कमुळे सोडावं लागलं. विंडोज नेटवर्कवर फायली वाटून घेतं त्या प्रोटोकॉलचं नाव एसएमबी, म्हणून त्याने ग्रेप चालवून शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेला शब्द शोधला. त्यात सांबा सापडला.

---

सदाशिवी
मंगळवार, रात्री ९:२०

माहितीबद्दल आभार. मॅडमच्या फॉन्टचं मात्र सगळे विसरले. तो माझा प्रांत, मी डीटीपीवाला.

विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर डबल क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं की तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो. फाइल जाते अ‍ॅपडेटा\लोकल\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\फॉन्ट्समध्ये आणि तिची नोंद होते वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत. आता गंमत बघा. रजिस्ट्री एनटीयूजर.डॅटमध्ये, म्हणजे ती फिरते. लोकल फिरत नाही. मॅडम लॅबमध्ये गेल्या की नोंद सांगते फॉन्ट आहे, आणि त्या जागी फाइलच नाही. लग्नाची पत्रिका आली, मांडव दुसऱ्या गावात.

ज्या ज्या मशीनवर हवा तिथे अ‍ॅडमिन म्हणून, उजवी क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स'. तुमच्याकडे आधी मशीन वितळवा, फॉन्ट टाका, पुन्हा गोठवा. आणि तो श्रीलिपीच्या काळातला, युनिकोडआधीचा फॉन्ट असेल तर मॅडमना हळूहळू युनिकोडवर आणा. विंडोजच्या मंगल किंवा निर्मलामध्ये टाइप केलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता. इनस्क्रिप्ट कीबोर्डची निवड वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीतच असते, ती प्रोफाइलबरोबर बिनबोभाट फिरते.

---

अनुया_लॅब
शनिवार, संध्याकाळी ६:४०

मंडळी, आठवडाभराचा हिशोब द्यायला आले.

बुधवारी रिकामी फोल्डरं उडवली, मूळ फोल्डरला परवानग्या दिल्या. गुरुवारी एका वर्गाला लॉगिन करायला लावलं आणि सर्व्हरवर बसून बघत राहिले. एकेक .व्ही६ उगवत होतं, मालकाच्या जागी मुलाचंच नाव. पाणी आल्यावर नळाखाली बसतो तसं वाटलं.

रीडायरेक्शन पहिल्या दिवशी चार मुलांना लागलंच नाही, दुसऱ्या लॉगिनला लागलं, खटपट्या म्हणाले तसंच. ५.१ जीबीवाल्याचं प्रोफाइल आता ६२ एमबी आहे. लॉगिन साधारण वीस सेकंद. तो म्हणाला, "मॅडम, मशीन बदललं का?" सामाईक खात्यांचं मँडेटरी दिवाळीच्या सुट्टीत करीन. मॅडमचा फॉन्ट सगळीकडे बसवला, बोनाफाइड आता लॅबमधूनही निघतात.

प्रोजेक्टवाल्या मुलीकडे सरांना दाखवलेली प्रिंट निघाली, चोवीस पानं. आम्ही दोघींनी मिळून पुन्हा टाइप केली. तिच्या डेस्कटॉपवर आहे, म्हणजे सर्व्हरवर.

एकच अडतंय. मशीन १४. त्याच मशीनवर, कोणीही बसलं तरी, कधी कधी सर्व्हरवरची प्रत सापडत नाही असा संदेश येतो. दुसऱ्यांदा लॉगिन केलं की येतं. परवानग्या, पॉलिसी, घड्याळ सगळं बघितलं.

---

कोकणकडा
शनिवार, संध्याकाळी ७:०२

नेटवर्कची तार मागे हलवून बघा. पिनेची क्लिप शाबूत आहे का?

---

अनुया_लॅब
सोमवार, सकाळी १०:१५

तुटलेली आहे. कोणीतरी रबरबँड लावून ठेवलंय.